खिज्र बरोबर की मूसा? सूरह कहफमधली ती गोष्ट

मोरपिशी

मिरजेत आमच्या घराला लागून खालांचं घर होतं. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांचं पहाटेचं पठण आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. शुक्रवारी ते बराच वेळ चालायचं. आई म्हणायची, "आज गुहेचं वाचतायत." सूरह कहफ. कहफ म्हणजे गुहा. कुराणातली अठरावी सूरह म्हणजे अध्याय, ११० आयती म्हणजे वचनं, शुक्रवारी वाचायचा प्रघात. हे सगळं मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त गोष्ट हवी असायची, आणि खाला मटार सोलता सोलता ती सांगायच्या.

मूसांना, म्हणजे बायबलातल्या मोझेसना, कुणीतरी विचारलं, सगळ्यात ज्ञानी कोण? ते म्हणाले, मी. देवाला हे रुचलं नाही. दोन समुद्र मिळतात तिथे माझा एक सेवक आहे, त्याला तुझ्याहून वेगळं ज्ञान आहे, जाऊन भेट. टोपलीत एक मासा घे, तो हरवेल तिथे तो माणूस. मूसा आणि त्यांचा तरुण सोबती निघतात, खडकापाशी विसावतात, मासा पाण्यात निघून जातो आणि सोबती सांगायलाच विसरतो. दोघं तशीच पुढची पायपीट करतात. भुकेनं व्याकूळ झाल्यावर त्याला आठवतं. मग आपल्याच पावलांच्या खुणा बघत मागे यायचं. इथे मी खूप हसायचे.

तो सेवक म्हणजे खिज्र. ते एकच अट घालतात: मी सांगेपर्यंत काही विचारायचं नाही. मग गरीब नावाड्यांच्या नावेला भोक पाडतात. ज्या गावानं घासभर अन्न दिलं नाही, तिथली पडकी भिंत फुकट उभी करून देतात. खाला या दोन गोष्टी सांगायच्या आणि मधली गाळायच्या. "बीच का बड़ी हुई तो बताती."

मी मोठी झाले, लग्न होऊन नाशिकला आले, खाला गेल्या. मागच्या महिन्यात मराठी अनुवाद आणून ते पान स्वतः वाचलं. वाटेत एक मुलगा भेटतो आणि खिज्र त्याला मारून टाकतात. कारण नंतर कळतं: आईवडील श्रद्धावान होते, हा मुलगा पुढे बंडखोरीनं आणि नास्तिकतेनं त्यांना छळेल अशी भीती होती, देव त्यांना त्याहून चांगलं मूल देईल.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मी पुस्तक मिटून ठेवलं.

"निष्पाप जीव घेतलात!" असं मूसा ओरडतात तेव्हा मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. ज्यांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना ती कशी झेपते? मनापासून विचारतेय. भांडण नको.

कागदी_होडी

नावेच्या भोकाचं उत्तर मला आवडलं. पलीकडे एक राजा धडधाकट नावा जबरदस्तीनं हिसकावत होता, भोक पडलेली नाव त्यातून वाचली. मधल्या गोष्टीचं मलाही हवंय. वाचतेय.

निळा_ढग

मोरपिशी, तुम्ही अजिबात चुकत नाही. पुढे वाईट वागेल म्हणून आज मारायचं, हा न्याय मला कुठल्याच धर्माच्या पोथीत मान्य नाही. मला कंस आठवला. त्यालाही आकाशवाणीनंच सांगितलं होतं की आठवा तुझा काळ आहे. त्यानं एकेक बाळ आपटलं आणि आपण त्याला राक्षस म्हणतो. मग खिज्र संत कसे?

दर्यावर्दी

निळा_ढग, कंसानं स्वतःचा जीव वाचवायला मारलं. खिज्रांना त्यात मिळवायचं काही नव्हतं. एवढा फरक तरी धरा.

मी बत्तीस वर्षं जहाजावर काढली. खिज्रांचं नाव मला पुस्तकातून नाही, मुर्शिदाबादकडच्या खलाशांकडून कळलं. भादोच्या शेवटच्या गुरुवारी त्यांच्याकडे भागीरथीत केळीच्या खुंटांचे तराफे सोडतात, वर कागदाची सजावट आणि दिवे. त्याला बेरा म्हणतात. नवाब मुर्शिद कुली खानाच्या काळापासून चालत आलंय असं सांगतात. तो दिवस समुद्रावर उजाडला की आमचा एक बंगाली सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, केळ्याच्या सालीवर मेणबत्तीचा तुकडा लावून ख्वाजा खिजरच्या नावानं पाण्यात सोडायचा. वाऱ्यानं ती दोन सेकंदांत विझायची. तरी दरवर्षी सोडायचा. पाण्यावर वाट चुकलेल्याला वाट दाखवतो तो खिजर, एवढंच त्याला ठाऊक होतं. मुलाची गोष्ट त्यानं ऐकली तरी होती का, देव जाणे.

उल्हासकर

दर्यावर्दी, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही सिंधी. आजोबा फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरले, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. आमच्या देव्हाऱ्यात झूलेलाल आहेत: पांढरी दाढी, हातात पोथी, पद्मासन घालून माशावर बसलेले, खाली सिंधू नदी. मासा म्हणजे पल्ला, प्रवाहाच्या उलट चढणारा. आजोबा कधी झूलेलाल म्हणायचे, कधी उडेरोलाल, कधी जिंदा पीर. मी लहानपणी विचारलं, "पीर म्हणजे मुसलमानांचे ना?" ते म्हणाले, "दरिया को किसने बाँटा है?"

सिंधमध्ये उडेरोलाल गावात एकाच आवारात मंदिरही आहे आणि दर्गाही, आणि दोन्ही समाज तिथे जातात. रोहडीजवळ सिंधूच्या पात्रातल्या बेटावर ख्वाजा खिज्रांचं स्थान आहे, हिंदू त्यालाच जिंदा पीर मानत आले. माशावर उभे असलेले हिरव्या कपड्यांतले खिज्र जुन्या लघुचित्रांत बघितले तेव्हा मी क्षणभर आमच्या देव्हाऱ्यातला फोटोच समजलो.

आता चालिहोचे चाळीस दिवस येतील. आमच्याकडे बहराणा निघतो, कणकेचा दिवा, पाण्यात विसर्जन. बंगालातला तो केळ्याच्या सालीवरचा दिवा आणि आमचा हा दिवा मला आजपासून वेगळे वाटणार नाहीत.

निळा_ढग

सगळं सुंदर आहे, पण मुलगा मेलेलाच आहे.

अलिफ_बे

मी औरंगाबादला अरबी शिकवतो. या गोष्टीचं मूळ वाचताना दोन-तीन जागा अशा आहेत की अनुवादात हमखास निसटतात. धाग्याच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही, पण उपयोग होईल.

पहिलं म्हणजे कुराणात 'खिज्र' हे नावच नाही. तिथे फक्त "आमच्या सेवकांपैकी एक सेवक" आहे, ज्याला आम्ही आमच्याकडची दया दिली आणि आमच्याकडचं ज्ञान शिकवलं. नाव हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेत, येतं. खिज्र म्हणजे हिरवा. ते एका उजाड, पांढऱ्या पडलेल्या जमिनीवर बसले आणि ती त्यांच्यामागे हिरवीगार होऊन डोलायला लागली, म्हणून हे नाव. ते नबी (प्रेषित) होते, वली (संत) होते की फरिश्ता (देवदूत), यावर शेकडो वर्षं वाद आहे.

दुसरं, शेवटी ते तीन कृत्यांचा उलगडा करतात तेव्हा क्रियापदाचा कर्ता बदलत जातो. नावेबद्दल म्हणतात, "मी इच्छिलं की तिच्यात खोट काढावी." मुलाबद्दल, "आम्ही इच्छिलं." भिंतीबद्दल, "तुझ्या रबनं (प्रभूनं) इच्छिलं" की त्या अनाथांनी मोठं व्हावं आणि भिंतीखालचा आपला ठेवा काढावा. खोट काढण्याचं काम स्वतःच्या नावावर घेतलं, भलं केलं ते देवाच्या नावावर. मधलं कृत्य मात्र त्या 'आम्ही'त राहतं. भाष्यकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. मला वाटतं, त्या जागी बोलणाऱ्यालाही एकट्यानं 'मी' म्हणवलं नाही.

तिसरं माझं सगळ्यात आवडतं. "ज्यावर तू धीर धरू शकला नाहीस" हे वाक्य दोनदा येतं. उलगड्याआधी क्रियापद आहे 'तस्ततिअ', उलगड्यानंतर 'तस्तिअ'. अर्थ तोच, मधलं एक अक्षर गळलेलं. न कळण्याचं ओझं उतरलं तसा शब्दही हलका झाला. वर्गात इथे पोचलो की मी नेहमी थांबतो.

कागदी_होडी

अलिफ_बे सर, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

जुनी_नाणी

गोष्टीचं कूळ शोधायला गेलं तर फार लांब जावं लागतं. गिल्गमेशच्या मेसोपोटेमियन महाकाव्यात अमर झालेला उत्नपिश्तिम 'नद्यांच्या मुखाशी' राहतो. दोन समुद्रांच्या संगमाशी याचं नातं अभ्यासकांनी जोडलंय. मासा तर सरळ सिकंदराच्या आख्यानांतून ओळखीचा आहे: सिकंदराचा आचारी झऱ्यावर खारवलेला मासा धुतो, मासा जिवंत होऊन सुळकन निघून जातो, आचारी ते पाणी पिऊन अमर होतो, सिकंदर तसाच राहतो. फारसी काव्यात या आचाऱ्याच्या जागी खिज्र येतात. अंधाराच्या प्रदेशातला आब-ए-हयातचा, म्हणजे अमर करणाऱ्या पाण्याचा झरा त्यांना सापडतो आणि सिकंदर तहानलेला परततो. सूरह कहफमध्येही मूसांच्या गोष्टीला लागूनच जुल्करनैनची गोष्ट सुरू होते, आणि जुल्करनैन म्हणजे सिकंदरच असं पुष्कळांनी मानलं आहे.

मोरपिशी यांच्या प्रश्नाला जवळची आहे ती ज्यू कथा. रब्बी योशुआ बेन लेवी प्रेषित एलियाबरोबर प्रवासाला निघतो, प्रश्न न विचारण्याच्या अटीवरच. ज्या गरीब जोडप्यानं आदरातिथ्य केलं त्यांची एकुलती गाय एलियाच्या प्रार्थनेनं मरते. ज्या श्रीमंत कंजुसानं दारात उभं केलं नाही त्याची भिंत एलिया बांधून देतो. उलगडा असा: त्या दिवशी त्या घरातल्या बाईचा मृत्यू ठरला होता, तिच्याऐवजी गाय गेली. कंजुसानं भिंत स्वतः बांधली असती तर पायात त्याला धन सापडलं असतं. ही कथा लिखित रूपात अकराव्या शतकात कैरुआनच्या रब्बी निस्सीम यांच्याकडे दिसते, त्यामुळे कुणी कुणाकडून घेतली हा वाद आहे. पण बघा, तिथे गाय आहे. मूल नाही. कुराणानं अवघड वाट धरली आहे.

सातपुडा

खिज्र आजही जिवंत आहेत आणि वाट चुकलेल्यांना भेटतात हे वाचून अश्वत्थामाच आठवला. मी नर्मदा परिक्रमा पायी केली. शूलपाणीच्या झाडीत संध्याकाळी वाट चुकलो. पायाला फोड, पाणी संपलेलं. एक म्हातारा भिल्ल शेळ्या घेऊन चालला होता. एक शब्द न बोलता तो पुढे चालत राहिला, मी मागे. दिवा दिसला तिथे त्यानं हात केला आणि वळला. आश्रमात सगळे म्हणाले, अश्वत्थामा भेटला, भाग्यवान आहात.

तेव्हा मीही मान डोलावली. आता त्याचं वाईट वाटतं. त्या माणसाला घर होतं, शेळ्या होत्या, बहुतेक त्याच्या घरी त्याची वाट बघणारं कुणी असेल. अंधार पडताना तो माझ्यासाठी दोन कोस उलटा चालला. त्याचं श्रेय मी चिरंजीवाला देऊन आलो, त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही.

पैठणकर

सातपुडा, मनाला लागलं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या: एकनाथांना दत्तदर्शन झालं ते मलंगाच्या, फकिराच्या वेशात. जनार्दनस्वामींनी ओळखलं, नाथ आधी गोंधळले. गुरू अनोळखी रूपात येतो आणि शिष्याला ते झेपत नाही, ही कळ मूसांच्या गोष्टीतही आहे. फक्त आपल्या गोष्टीत शिष्य शेवटी ओळखतो. मूसांना निरोप मिळतो: "इथून तुझी-माझी वाट वेगळी."

बर्लिनची_सई

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक तुर्की आजी आहेत. मे महिन्याच्या ५ तारखेच्या रात्री त्या अंगणातल्या गुलाबाच्या झाडाखाली चिठ्ठ्या पुरतात, इच्छा लिहिलेल्या किंवा चितारलेल्या. त्या रात्री हिजिर (म्हणजे खिज्रच) आणि इलियास (वर आलेले एलिया) पृथ्वीवर भेटतात म्हणे, म्हणून सणाचं नाव हिदिरेल्लेझ. वसंताचा सण. ६ मे म्हणजे जुन्या ज्युलियन पंचांगातली २३ एप्रिल, सेंट जॉर्जचा दिवस. बेथलेहेमजवळ अल-खदर गावात सेंट जॉर्जच्या मठात ख्रिस्ती आणि मुसलमान दोघंही नवस बोलायला येतात, गावाचं नावच खिज्रांचं. तुर्कस्तान आणि उत्तर मॅसिडोनियानं मिळून हा सण २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नेला.

ऐनवेळी कुणी मदतीला आलं की तुर्की माणूस म्हणतो, "हिजिरसारखा धावलास." तिकडे तातडीच्या रुग्णवाहिकेलाही 'हिजिर आजिल' म्हणतात. मागच्या वर्षी मी बाळंतपणानंतर घरी एकटी होते, ताप चढला होता. आजी सूप घेऊन आल्या. मी म्हटलं, हिजिर आला. त्या इतक्या हसल्या की चमचा पडला.

मोरपिशी

किती काय काय दिलंत सगळ्यांनी. उल्हासकर, तुमच्या आजोबांचं वाक्य मी घरी सगळ्यांना ऐकवलं. अलिफ_बे सर, ते गळलेलं अक्षर मी वहीत उतरवून घेतलं.

पण मला अजून वाटतंय की आपण सगळे त्या मुलाला वळसा घालून जातोय, खालांसारखेच.

दर्यावर्दी

खरं आहे. वळसाच घातला. क्षमस्व.

अलिफ_बे

मग तिथेच जाऊ. मूसा तिन्ही वेळा बोलतात ते स्वभावाला धरून, आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्याशी ते जुळतं. तान्हे असताना ते पेटीत घालून नदीत सोडले गेले होते आणि बुडाले नाहीत. तरुणपणी त्यांच्या एका ठोशानं एक मिसरी माणूस मेला होता. मद्यनच्या विहिरीवर त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना मजुरी न घेता पाणी पाजलं होतं. नाव, हत्या, फुकटचं काम. सूफी विचारवंत इब्न अरबींनी हे लिहून ठेवलंय. (सेव्हिलमध्ये तरुणपणी आपल्याला खिज्र भेटले असं ते सांगत.) खिज्र जणू मूसांचंच आयुष्य त्यांच्यापुढे उलगडतात.

निळा_ढग

सर, हे जुळणं देखणं आहे. पण मिसरी माणसाला मारल्यावर मूसांनी माफी मागितली होती ना? इथे कुणी मागत नाही.

सबा_रत्नागिरी

दोन दिवस वाचत होते, लिहू की नको ठरत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना तापानं गेला. चाळिसाव्यापर्यंत घरात माणसांची रीघ. येणारी प्रत्येक बाई अम्मीला म्हणायची, खिज्रांची गोष्ट आठवा, यात काहीतरी हिकमत असेल, तो मोठा होऊन काय झाला असता कुणास ठाऊक. एक दिवस अम्मीनं हातातली तसबीह, जपमाळ, खाली ठेवली आणि म्हणाली, "मूसा नबी होते. त्यांना ठाऊक होतं की समोरच्याला अल्लानं पाठवलंय. वचन दिलेलं होतं. तरी ते गप्प राहिले नाहीत. मी का राहू? आणि माझा पोर वाईट निघाला असता हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही खिज्र आहात?"

त्यानंतर कुणी ते वाक्य बोललं नाही.

अम्मी आजही दर शुक्रवारी कहफ वाचते. मुलाच्या आयतीपाशी तिचा आवाज वाढतो, मूसांच्या तोंडच्या शब्दांना. मला लहानपणापासून ही गोष्ट खिज्रांची वाटायची. त्या दिवसापासून ती मूसांची झाली.

आणि निळा_ढग, तुमचा प्रश्न नवा नाही. इस्लामच्या पहिल्याच शतकात तो विचारला गेला. नज्दा नावाचा खारिजी या बंडखोर पंथाचा पुढारी होता. त्यानं पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना पत्र लिहून विचारलं, युद्धात मुलांना मारायचं का? उत्तर सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. त्याचा आशय असा: पैगंबरांनी मुलांना मारलं नाही, तूही मारू नकोस. खिज्रांना त्या मुलाबद्दल जे ठाऊक होतं ते तुला ठाऊक असेल, तरच गोष्ट वेगळी. आणि ते तर कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे या गोष्टीचा दाखला देऊन कुणी हत्यार उचलू नये म्हणून दार तेव्हाच बंद केलं गेलं.

निळा_ढग

सबाताई, मला हे माहीत नव्हतं. तुमच्या अम्मींना माझा नमस्कार सांगा. खिज्रांचं कृत्य मला अजूनही पटलेलं नाही, तेवढं प्रामाणिकपणे सांगतो. पण इब्न अब्बासांचं उत्तर पटलं.

सबा_रत्नागिरी

सांगते. अम्मीलाही ते सगळं पटलंय असं मला वाटत नाही.

अलिफ_बे

सबा, तुमचं वाचून एक आठवलं. ते नावेत असताना काठावर एक चिमणी येऊन बसते आणि समुद्रात चोच बुडवते. खिज्र म्हणतात, तुझं आणि माझं ज्ञान मिळून अल्लाच्या ज्ञानापुढे एवढंच, हिच्या चोचीतल्या पाण्याएवढं. "तुझं आणि माझं." स्वतःलाही त्यात धरतात. चाळिसाव्याला आलेल्या बायकांनी ही चिमणी सांगायला हवी होती.

मोरपिशी

सबाताई, काय लिहू? काल रात्री तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, खालांचं पहिलं मूल लहानपणीच गेलं होतं. मला हे आजवर माहीत नव्हतं. मटार सोलताना मधली गोष्ट त्या कशासाठी गाळत होत्या हे मला पस्तीस वर्षांनी कळतंय.

मुलाला मी काल नाव आणि भिंत सांगितली, चिमणीपण सांगितली. त्याचा प्रश्न वेगळाच: "मासा आणणारा दादा कुठे गेला?" मी परत पान उघडून बघितलं. खरंच, खिज्र भेटल्यावर त्याचा उल्लेखच नाही. सर, मूळात आहे का?

अलिफ_बे

वा! मूळातही नाही. खिज्र भेटल्यानंतर प्रत्येक वेळी क्रियापद येतं 'फन्तलका', "मग ते दोघे निघाले". अरबीत संस्कृतासारखं द्विवचन असतं, त्यामुळे शंकेला जागाच नाही. दोघेच. हदीसमध्ये त्या सोबत्याचं नाव यूशा बिन नून आहे, मूसांच्या मागे लोकांना पुढे नेणारा. पण या प्रवासात पुढे त्याचं काय झालं यावर आयत गप्प आहे.

मोरपिशी

सांगितलं त्याला. तो म्हणाला, "मग तो खडकावर बसला असेल, मासा परत येतो का बघत."